जुना आगगाडीचा फोटो कुठल्या कप्प्यात ठेवायचा?

सोलापूर जिल्ह्यात जुन्या ट्रंकेतून लहानशा इंजिनाचा फोटो निघाला की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "ही आपली बार्शी लाइट." म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी भागातली जुनी छोटी रेल्वे. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण फोटो, तिकिटं, पितळी बिल्ले, रुळाचे तुकडे, आजोबांची सर्व्हिस बुकं असं सगळं एका पेटीत जमायला लागलं, की "बार्शी लाइट" एवढ्या एका चिठ्ठीवर भागत नाही. मग प्रश्न येतो, हे लावायचं कसं? माझे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यामुळे माझ्याकडे असे संग्रह घेऊन माणसं येतात आणि मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्यांनी अडीचशेहून जास्त वर्षं हाच प्रश्न सोडवण्यात घालवली आहेत, त्यांच्याकडून शिका. इथे तेच सविस्तर लिहिते आहे.

लावालावीला हात घालण्याआधी चिठ्ठ्या लिहा. संग्रहालयातला पक्षी कितीही सुंदर पेंढा भरून ठेवलेला असो, तो कुठे, कधी आणि कुणाला मिळाला हे त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर नसेल तर अभ्यासाला त्याची किंमत जवळजवळ शून्य. फोटोचंही तेच. मागच्या बाजूला, मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उमटतात. काय लिहायचं? फोटो कुणाकडून मिळाला, त्यांनी काय सांगितलं, कधी सांगितलं. "हे पंढरपूर आहे" असं लिहू नका. "आत्या म्हणाली, हे पंढरपूर आहे" असं लिहा. आत्याचं म्हणणं हा पुरावा आहे, निकाल नाही. आणि पुरावा कुणाच्या तोंडचा हे कळल्याशिवाय पुढच्या माणसाला तो तपासता येत नाही.

दुसरं काम नावांचं. जुन्या टाइमटेबलात, तिकिटांवर, नकाशांवर "बार्शी रोड" आणि "बार्शी टाउन" अशी दोन स्टेशनं दिसतात. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, मुंबईहून सोलापूरकडे येणाऱ्या मोठ्या लाइनवरची. बार्शी टाउन म्हणजे खुद्द बार्शी. हे माहीत नसेल तर एकाच स्टेशनचे दोन फोटो दोन कप्प्यांत जातात. उस्मानाबाद आणि धाराशिव या एकाच शहराच्या दोन नावांचंही तसंच. प्राणिशास्त्रात याची नीट सोय आहे. सोलापूरजवळच्या आपल्या नान्नजचा माळढोक पक्षी घ्या. १८३१ साली व्हिगर्सने त्याला ओटिस निग्रिसेप्स असं नाव दिलं. पुढे त्याची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बदलली आणि आज तो आर्डिओटिस निग्रिसेप्स आहे. पण जुनं नाव कुणी पुसलं नाही. त्याच्या नोंदीत सगळी नावं कालक्रमाने उभी असतात. काळवीट तर त्याहून मजेदार. लिनियसने १७५८ साली त्याला शेळ्यांच्या प्रजातीत घातलं होतं, काप्रा सर्व्हिकाप्रा म्हणून. आज तो अँटिलोपे सर्व्हिकाप्रा आहे. नाव बदललं, घर बदललं, पण आपण त्याच प्राण्याबद्दल बोलतो आहोत हे पक्कं राहिलं. तुमच्या वहीतही प्रत्येक स्टेशनला एक मुख्य नाव द्या आणि शेजारच्या रकान्यात त्याची सगळी जुनी-नवी नावं आणि स्पेलिंगं उतरवून ठेवा. सोलापूर इंग्रजीत कितीतरी वर्षं "शोलापूर" छापलं जायचं, दौंड "धोंड" व्हायचं. ही यादी एकदा करून ठेवली की अर्धं डोकं मोकळं होतं.

आता इंजिनाचा फोटो हातात घ्या. भिंग असेल तर उत्तम. आधी चाकं मोजा. मोठी चाकं एका लांब लोखंडी दांड्याने एकमेकांना जोडलेली दिसतात, ती ओढणारी चाकं. त्यांच्या पुढची आणि मागची सुटी, लहान चाकं फक्त वजन पेलणारी. फोटोत एकच बाजू दिसते, म्हणून प्रत्येक आकड्याची दुप्पट करायची. जोडलेली चार दिसली, मागे लहान दोन दिसली, पुढे काहीच नाही, तर लिहायचं ०-८-४. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच अंगावर असतील, मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, नसेल, तर पुढे "टी" लावायचा. बार्शी लाइटची पहिली इंजिनं, लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली, नेमकी अशी होती: ०-८-४ टी. युरोपात चाकांऐवजी आस, म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणारे दांडे, मोजतात, आणि जोडलेल्या आसांना अक्षर देतात, त्यामुळे तेच इंजिन तिकडच्या पुस्तकात वेगळ्या खुणेने सापडेल. मोजणीची पद्धत कुठली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

चाकं मोजून झाली की पुष्कळ जणांना वाटतं, झालं वर्गीकरण. आठ जोडचाकांची सगळी इंजिनं एका कप्प्यात. इथे थांबा.

आठ जोडचाकं कशासाठी होती? एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा बार्शी लाइटचा कर्ताधर्ता इंजिनिअर. त्याने रूळ अगदी हलका वापरला, यार्डाला ३० पौंडाचा. अशा रुळावर एका आसाचा भार ५ टनांपुढे जाऊ द्यायचा नाही हा त्याचा नियम. मग ताकदवान इंजिन कसं करायचं? वजन जास्त आसांवर वाटायचं. म्हणून आठ जोडचाकं. त्याने तोच ५ टनांचा हिशोब वाघिणींनाही लावला. इतर हलक्या रेल्वेंत इंजिन जड आणि वाघिणी किरकोळ असायच्या. रूळ इंजिनासाठी मजबूत करायचा आणि मग त्याची ताकद माल नेताना वाया जायची. कॅल्थ्रॉपच्या गाडीत रुळाची सगळी ताकद मालाला मिळाली. हे डोकं मला आजही फार आवडतं. पण वर्गीकरणासाठी त्यातून निघणारी गोष्ट अशी, की आठ जोडचाकं ही गरजेतून आलेली खूण आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, ज्याने कॅल्थ्रॉपचं नावही ऐकलं नाही असा इंजिनिअर हलक्या रुळासमोर उभा राहिला तर तोही तिथेच पोचेल.

उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ते तुम्ही पाहिलेच असतील. लांब पाय बघून जुन्या अभ्यासकांनी त्यांना करकोच्यांजवळ बसवलं. काहींनी चोच आणि पडद्याची बोटं बघून बदकांजवळ. डीएनएचा पुरावा आला तेव्हा कळलं, की रोहिताचं सर्वांत जवळचं नातं त्याच पाण्यात बुडी मारणाऱ्या टिबुकलीच्या कुळाशी आहे. बुटकी, आखूड पायांची टिबुकली! दिसण्यावरून दहा जन्मांत कुणाला सुचलं नसतं. पाय लांब झाले ते पाण्यात उभं राहून खायचं म्हणून, करकोचा भाऊ आहे म्हणून नव्हे. डार्विनने १८५९ साली सांगितलं की वर्गीकरण वंशावळीवर उभं राहायला हवं, आणि जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० साली ते काटेकोर केलं: गटात एक पूर्वज आणि त्याची सगळी संतती, कुणालाही वगळायचं नाही. मगर पालीपेक्षा चिमणीच्या जवळची आहे हे त्यातूनच स्वीकारावं लागतं.

तर मग आपल्या पेटीतला मुख्य कप्पा कशावर ठरवायचा? माझं मत स्पष्ट आहे: वंशावर. सोलापूरच्या चाटी गल्लीतला दुकानदार चादरी रंगाने लावतो, कारण गिऱ्हाईक रंग मागतं. ज्याला त्या चादरींचा इतिहास लिहायचा आहे त्याने त्या कुठल्या मागावरून उतरल्या ते विचारावं. चाकं, गेज (दोन रुळांमधलं अंतर), काम, रंग या सगळ्या खुणा वहीत वेगवेगळ्या रकान्यांत जरूर नोंदवा, त्यावरून शोधता येईल. पण वस्तू शेजारी-शेजारी ठेवायच्या त्या नात्याने.

याचा खरा कस लागतो "छोटी गाडी" या शब्दाशी. लोक नेरळ-माथेरान, यवतमाळची शकुंतला आणि बार्शी लाइट यांना एकाच दमात छोटी गाडी म्हणतात. बोलायला हरकत नाही. पण हा गट फक्त "मोठी नव्हे ती" एवढ्यावर उभा आहे. प्राणिशास्त्रात "अपृष्ठवंशीय" हा गट असाच: ज्याला पाठीचा कणा नाही तो. गोगलगाय, झुरळ, तारामासा, गांडूळ सगळे त्यात. आणि तारामासा तर नात्याने गोगलगाईपेक्षा आपल्या जवळचा. नसलेल्या गोष्टीवरून बांधलेल्या गटात नाती सापडत नाहीत. माथेरानची गाडी १९०७ची, आदमजी पीरभॉय घराण्याची, गेज २ फूट. बार्शी लाइटचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शकुंतलेचंही अडीच फूटच, पण ती किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेतली, वऱ्हाडच्या कापसासाठीची. तिचा आणि बार्शीचा मापाचा मेळ आहे, घराणं वेगळं. मग बार्शी लाइटची सख्खी बहीण कुठे? इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यात. १९०४ साली सुरू झालेली आणि १९३४ साली बंद पडलेली ती लहानशी लाइन. तोच कॅल्थ्रॉप, तेच अडीच फूट, इंजिनं किटसनचीच. इंग्लंडच्या हिरव्या टेकड्यांत ती इंजिनं भारतीय धाटणीचे मोठे दिवे कपाळावर लावून धावली. मॅनिफोल्डचं एखादं चित्र-पोस्टकार्ड हाती आलं तर ते माझ्या पेटीत बार्शीच्या शेजारी जाईल, माथेरानचं दुसऱ्या कप्प्यात.

रुळाचा तुकडा असेल तर काम सोपं आहे. बार्शी आणि पंढरपूर भागात जुन्या घरांच्या तुळयांना, गोठ्याच्या खांबांना रूळ लावलेले दिसतात. एक फूट लांबीचा तुकडा काट्यावर ठेवा. साधारण साडेचार किलो भरला तर तो यार्डाला ३० पौंडाचा. मोठ्या लाइनचा ९० पौंडी रूळ फुटाला साडेतेरा किलोच्या पुढे जातो. मग रुळाच्या उभ्या भागावर, म्हणजे माथा आणि पाया यांच्या मधल्या पट्टीवर, पांढरा खडू आडवा घासा. उठावाची अक्षरं असतील तर वर येतील: बनवणाऱ्याचं नाव, वर्ष, कधी वजन. बाजूने टॉर्च तिरपा धरला तर अजून स्पष्ट दिसतं. पण ३० पौंड निघाला म्हणून लगेच "बार्शी लाइट" लिहू नका. हलके रूळ कारखान्यांच्या ट्रॉल्यांनाही लागायचे. वजन ही खूण आहे. तो तुकडा कुठून आला याची साखळी मिळाली तरच नातं ठरेल. आणि एक कळकळीचं सांगणं: लाइनीच्या कडेला पडलेलं काहीही उचलू नका. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६चा वेगळा कायदा आहे, आणि जागेवरून हललेली वस्तू अभ्यासाच्या दृष्टीनेही निम्मी मेलेली असते. फोटो काढा, मोजमाप घ्या, ठिकाण लिहा.

आता सगळ्यात रंगणारा वाद. कुर्डुवाडी-पंढरपूर लाइन ब्रॉड गेज झाली, लातूरची झाली, मिरजेची झाली. मग बार्शी लाइट संपली का? जुन्या गाडीवर जीव असलेली माणसं म्हणतात, संपली; छोटी गाडीच राहिली नाही तर लाइट कसली? या म्हणण्यामागे एक जुना विचार आहे: प्रत्येक गोष्टीला एक गाभ्याचा गुण असतो, तो गेला की ती गोष्ट गेली. प्राण्यांच्या जातींबद्दलही शतकानुशतकं असंच मानलं जायचं. १९७०च्या दशकात जीवशास्त्रज्ञ मायकेल गिझेलिन आणि तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी त्याविरुद्ध जोरदार मांडणी केली. जात ही गुणांची यादी नाही, असं त्यांचं म्हणणं. जात ही स्वतःच एक व्यक्ती असते: तिला जन्म असतो, ठिकाण असतं, ती बदलत जाते, तिच्या फांद्या फुटतात, आणि ती मेली की परत येत नाही. उद्या कुठल्या दूरच्या ग्रहावर हुबेहूब माळढोकासारखा पक्षी सापडला तरी तो माळढोक नव्हे, कारण तो या वंशातून आलेला नाही.

हा विचार मी जसाच्या तसा रेल्वेला लावते, आणि तो सुरेख बसतो. फक्त आधी विचारायचं: आपण कुठल्या व्यक्तीबद्दल बोलतो आहोत? बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी एक व्यक्ती. तिची पहिली गाडी १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन धावली, ती पंढरपूरला १९०६ साली, लातूरला १९११ साली, मिरजेला १९२७ साली पोचली, आणि १ जानेवारी १९५४ला सरकारने तिचा ताबा घेतला. तिची नोंद तिथे बंद करा. लाइन ही दुसरी व्यक्ती. ती १९५४ला संपली नाही. तिने मालक बदलला, नंतर अंगही बदललं, लातूरकडे जाताना धाराशिव शहर गाठण्यासाठी वाटही थोडी बदलली, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचा धागा तुटलेला नाही. म्हणून आजच्या कुर्डुवाडी-लातूर गाडीचं तिकीट लाइनीच्या फाइलमध्ये शेवटी जातं, कंपनीच्या फाइलमध्ये जात नाही. होटगी-गदग लाइनीचंही असंच करा. ती १८८४ साली सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज म्हणून सुरू झाली, आज ब्रॉड गेज आहे. कंपन्यांच्या फाइली निरनिराळ्या, लाइनीची एकच.

इंजिनांना हेच लावताना एक अडचण येते. वर्कशॉपमध्ये पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीला, आलेल्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर उतरवायचे आणि पुष्कळदा दुसऱ्याच इंजिनाचा तयार असलेला चढवायचे. मग हे इंजिन कोणतं? वडील सांगायचे, फ्रेम बघायची. फ्रेम म्हणजे इंजिन, बाकी सगळं येतं-जातं. तोच नियम धरा. बनवणाऱ्याची पितळी पाटी दिसली तर त्यावरचा कारखान्याचा अनुक्रमांक उतरवून घ्या. रेल्वेने दिलेला नंबर बदलू शकतो, हा बदलत नाही. इंजिनावरची अक्षरंही वाचता यायला हवीत. पहिलं अक्षर गेज सांगतं: डब्ल्यू ब्रॉड, वाय मीटर, झेड अडीच फुटी, एन दोन फुटी. वाफेच्या इंजिनाला पुढचं अक्षर पी असेल तर प्रवासी, जी असेल तर माल. डिझेलला मध्ये डी येतो, आणि दोन्ही कामांना चालणाऱ्याला शेवटी एम. सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं डब्ल्यूडीएम-२ यावरून उलगडेल. पण सावध राहा, शेवटचा आकडा फसवतो. २ हा फक्त क्रमांक होता. पुढे पद्धत बदलली आणि आकडा हजार अश्वशक्तीचा, मागचं अक्षर शेकड्यांचं झालं. त्यामुळे आधी डब्ल्यूडीएम-२सी म्हटलेलं ३१०० अश्वशक्तीचं इंजिन डब्ल्यूडीएम-३ए झालं. इंजिन तेच, नाव दुसरं. दोन्ही नावं एकाच नोंदीत.

कारभारी पातळ्यांवर फार वेळ घालवू नका. सोलापूर विभाग १९६६ साली नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ साली मध्य रेल्वेत परत आला. त्या अकरा वर्षांतल्या कागदांवर शिक्का वेगळा दिसेल, तो तारीख ठरवायला फार उपयोगी आहे. पण कप्पा त्यावरून करू नका. शाळेत पाठ केलेली सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल ही उतरंडसुद्धा अशीच माणसाने सोयीसाठी आखलेली आहे. एका अभ्यासकाचं कुल दुसऱ्याचं उपकुल असू शकतं. नातं मात्र कुणाच्या आखणीवर अवलंबून नसतं.

वंशावळीचं झाड काढायला बसाल तेव्हा वहीत "आई-बाप" असे दोन रकाने ठेवा: आराखडा कुठून आला, आणि बांधलं कुणी. इंजिनं एकमेकांच्या पोटी जन्मत नाहीत, ती कागदावरून जन्मतात, आणि कागद समुद्र ओलांडतो. डब्ल्यूडीएम-२चा आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा, पुढची बांधणी बनारसची. एखादी चांगली युक्ती तर सगळ्याच फांद्या एकदम उचलतात. त्यामुळे तुमचं झाड जागोजागी जाळ्यासारखं दिसेल. त्याने घाबरायचं कारण नाही. जिवाणू एकमेकांत जनुकांची देवाणघेवाण करतात, त्यांच्या वंशावळीतही अशाच आडव्या रेघा येतात. तुटक रेघेने दाखवा आणि पुढे चला.

आणि शेवटी एक डबा असा ठेवा ज्यात न लागलेल्या वस्तू जातील. प्राणिशास्त्रात याला "स्थान अनिश्चित" म्हणतात आणि मोठमोठे अभ्यासक तो शेरा बिनदिक्कत वापरतात. ओढूनताणून कुठेतरी बसवलेला फोटो पुढच्या दहा जणांना चुकीच्या वाटेने नेतो. या डब्यातला फोटो कुणाचंच नुकसान करत नाही. प्रत्येकावर पेन्सिलीने तुमचा अंदाज लिहा, त्यामागचं कारण लिहा, आणि काय मिळालं तर अंदाज पक्का होईल तेही लिहा: "टाकीवरचा नंबर वाचता आला तर", "मागच्या टेकडीची जागा ओळखली तर". घरी निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, खलाशी कुणीही आले की चहा टाकण्याआधी हाच डबा पुढे करा. "हे काय आहे?" असं विचारू नका, उत्तर "बार्शी लाइट" असंच येईल. "तुम्ही कोणत्या शेडला होता? या इंजिनावर वाळूची पेटी कुठे असायची? हा सिग्नल कोणत्या बाजूला होता?" असं विचारा, आणि ते बोलत असताना लिहून घ्या.